पोलीस स्टेशनातून कागद कसा मिळवायचा: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात माझ्या मामांच्या स्कूटीला मागून टेम्पोने ठोकलं. त्याच रात्री पावणेदहाच्या सुमारास आम्ही तिघं पोलीस स्टेशनात गेलो, मामी हॉस्पिटलात बसलेली आणि आम्ही ठाणे अंमलदारांसमोर उभे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, समोरच्या मोठ्या वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या." मग उद्या, परवा, तेरवा करत करत गुन्हा दाखल झाला एकोणिसाव्या दिवशी. पुढे विमा कंपनीच्या वकिलांचा पहिला मुद्दा तोच, की एवढा उशीर कसा, टेम्पोचं नाव मागाहून घुसडलंय.

आम्हाला वाचवलं त्या वहीतल्या चार ओळींनी. त्या रात्रीची तारीख, वेळ, मामांचं नाव आणि टेम्पोचा नंबर, सगळं तिथे होतं. पण त्या चार ओळी हातात यायला मला माहिती अधिकाराचे दोन अर्ज करावे लागले, कारण पहिला अर्ज मी चुकीचा केला होता, आणि तीच चूक मला रोज कोणी ना कोणी करताना दिसते म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

चूक काय होती? मी पहिल्या अर्जात विचारलं होतं, "अपघात झाला त्या रात्री तक्रार देऊनही गुन्हा १९ दिवस का दाखल केला नाही?" उत्तर आलं, सदर माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. आणि कायद्याने ते उत्तर बरोबर आहे. माहिती अधिकारात "माहिती" म्हणजे जे रेकॉर्डवर आहे ते, कागद, नोंद, ईमेल, फुटेज वगैरे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या केसमध्ये सांगितलंय की अधिकाऱ्याने नवीन माहिती तयार करून द्यायची नसते, मत किंवा सल्ला द्यायचा नसतो, जे आहे ते द्यायचं. म्हणजे "का" विचारलं की दार बंद. दुसऱ्या अर्जात मी फक्त एवढंच लिहिलं, अमुक तारखेच्या रात्री ९ ते १२ या वेळेतल्या स्टेशन डायरीतल्या नोंदींच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. आल्या की.

तर पोलिसांकडे जाताना प्रश्न घेऊन जाऊ नका, कागदाचं नाव घेऊन जा. खालचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी कागदांची नावं शिकून घ्या

ही पायरी लोक सोडून देतात आणि नेमकी हीच सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा वेळ घालवतो.

स्टेशन डायरी. स्टेशनात दिवसभर जे जे घडतं त्याची नोंद, कोण आलं, कोण गेलं, कोणाची ड्युटी बदलली, कुठून फोन आला, कोणाला आणलं. प्रत्येक नोंदीला नंबर आणि वेळ असते. आता बऱ्याच ठिकाणी ही कॉम्प्युटरवर सीसीटीएनएस नावाच्या सिस्टिममध्ये भरतात, तरी लोक वहीच म्हणतात. "आम्ही आलो होतो, यांनी ऐकून घेतलं नाही" हे सिद्ध करायला याच्यासारखा पुरावा नाही.

एफआयआर, म्हणजे प्रथम खबर. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाला न विचारता तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर दिली की तो नोंदवावाच लागतो, २०१३ च्या ललिता कुमारी निकालापासून यात शंका राहिलेली नाही (नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, तेवढं लक्षात ठेवा). एफआयआरला गुन्हा रजिस्टर नंबर असतो, बोलताना सीआर नंबर म्हणतात, अर्जात "गु.र.नं." लिहितात. हा नंबर आणि वर्ष तुमच्याकडे असेल तर पुढची निम्मी कामं सोपी होतात, म्हणून मोबाईलमध्ये, डायरीत, जमेल तिथे लिहून ठेवा.

एनसी, म्हणजे अदखलपात्र. शिवीगाळ, किरकोळ धक्काबुक्की अशा गोष्टींत हीच मिळते. लोकांना वाटतं एनसीची पावती म्हणजे गुन्हा दाखल झाला. तसं नाही. एनसीत कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. मोबाईल चोरीला गेला आणि हातात "गहाळ" झाल्याचा दाखला दिला तर तोही एफआयआर नव्हे. चोरी आणि गहाळ यातला फरक तिथेच, टेबलासमोरच बोलून घ्या, नंतर फार त्रास होतो.

पंचनामा तर माहितीच आहे सगळ्यांना, घटनास्थळाचा असतो, जप्तीचा असतो, मृत्यू असेल तर मरणोत्तर म्हणजे इन्क्वेस्ट पंचनामा. तुमची वस्तू पोलिसांकडे जमा असेल तर तो मुद्देमाल, त्याचं वेगळं रजिस्टर आणि त्याला वेगळा नंबर.

केस डायरी ही स्टेशन डायरीपेक्षा वेगळी, तपासी अंमलदार रोजचा तपास त्यात लिहितात. ती आरोपीलाही सहसा बघायला मिळत नाही, ती मागून वेळ घालवू नका.

शेवटी दोषारोपपत्र, म्हणजे चार्जशीट. किंवा मग समरी. महाराष्ट्रात हे समरीचं प्रकरण नवख्या माणसाला कोणी समजावून सांगत नाही. तपास बंद करायचा असेल तर पोलीस कोर्टाकडे समरी पाठवतात. ए समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. बी म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी. सी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची, धड खरी नाही धड खोटी नाही. तुमच्या फिर्यादीवर बी समरी गेली आणि तुम्हाला पत्ताच नाही असं होऊ देऊ नका, फिर्यादीला कोर्टात त्याला विरोध करता येतो.

अर्ज न करता जे मिळतं ते आधी घ्या

एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडित व्यक्तीला फुकट मिळते, लगेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, पोट कलम २. ही संहिता १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी आली, त्यामुळे कोणी १५४ म्हणालं तर गोंधळू नका, तेच आता १७३ झालंय. प्रत घेतल्याशिवाय उठू नका, आणि सही करायच्या आधी वाचा. तिसऱ्या रकान्यात घटना कधी घडली, स्टेशनला खबर कधी मिळाली आणि डायरीतल्या नोंदीचा नंबर काय हे असतं. आठव्या रकान्यात उशिराचं कारण. मामांच्या एफआयआरमध्ये या आठव्या रकान्यात काहीच लिहिलं नव्हतं, आणि आम्ही तो वाचलाच नव्हता, घाईघाईत सही करून बाहेर पडलो. वाचला असता तर तिथेच म्हटलं असतं की साहेब, त्या रात्री आलो होतो ते लिहा.

तुम्ही फिर्यादी नसाल तरी बहुतेक एफआयआर ऑनलाइन बघता येतात. यूथ बार असोसिएशनच्या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ ला आदेश दिला की एफआयआर नोंदल्यापासून २४ तासांत वेबसाइटवर टाकायचा, इंटरनेटची अडचण असेल तर जास्तीत जास्त ७२ तास. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर "प्रकाशित एफआयआर" असा भाग आहे, त्यात जिल्हा निवडा, पोलीस स्टेशन निवडा, तारखा टाका, पीडीएफ उतरवून घ्या. अटक आरोपी, हरवलेल्या व्यक्ती, अनोळखी मृतदेह यांची माहितीही त्याच पोर्टलवर शोधता येते. घरातलं माणूस हरवलं असेल तर हे शेवटचं बघायला हात थरथरतात, पण बघा, आणि एकट्याने बघू नका.

लैंगिक अत्याचार, पोक्सो, दहशतवाद अशा संवेदनशील केसचे एफआयआर तिथे दिसणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण तसं काही नसताना एफआयआर टाकलेला नसेल तर तो निर्णय डीवायएसपी म्हणजे पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याने घ्यायचा नसतो असं त्याच आदेशात आहे, एवढं शांतपणे सांगता येतं. आणि एक कळकळीची विनंती, असा कुठला संवेदनशील एफआयआर कसाही तुमच्या हातात आला तर ग्रुपवर फॉरवर्ड करू नका. पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि शिक्षेचं सोडा, त्या मुलीचं गावात जगणं अवघड होतं.

तुमच्या घरातल्या कोणाला उचललं असेल आणि कुठे नेलं कळत नसेल तर हे वाचा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक पोलीस स्टेशनात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचा प्रकार ठळकपणे लावायचा असतो, त्यासाठी किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी नेमलेला असतो. कलम ४८ प्रमाणे अटक झाली की नातेवाईक किंवा मित्राला लगेच कळवावं लागतं. अटकेचा मेमो मागा, त्यावर तारीख-वेळ आणि घरच्याची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही असते. हे सगळं मूळचं १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आलेलं आहे. आरोपीच्या बाजूच्या माणसालाही एफआयआरची प्रत अर्ज केल्यावर २४ तासांत मिळायला पाहिजे, यूथ बारच्या त्याच आदेशात आहे. अशा वेळी मात्र माहिती अधिकाराचा नाद सोडा, सरळ वकील गाठा, वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथे जा, अटकेतल्या माणसाला तिथून मोफत वकील मिळतो.

तपासाचं काय झालं हे सांगणंही आता पोलिसांवर बंधनकारक आहे. त्याच संहितेच्या कलम १९३(३) प्रमाणे ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची, फोनवर मेसेज करून कळवलं तरी चालतं. ९० दिवस उलटले आणि काहीच आलं नाही तर साध्या कागदावर दोन ओळींचा अर्ज द्या, कलम लिहा, गु.र.नं. लिहा. हा माहिती अधिकाराचा अर्ज नव्हे, याला फी नाही. पण पोच घ्या. अर्जाची दुसरी प्रत घेऊन जायची, आवक टेबलावर शिक्का, तारीख, सही. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती हीच तुमची पोच.

दोषारोपपत्र मात्र एफआयआरसारखं ऑनलाइन मिळत नाही. तशी मागणी घेऊन सौरव दास सर्वोच्च न्यायालयात गेले होते, २० जानेवारी २०२३ ला न्यायालयाने नकार दिला. आरोपीला आणि वकील दिलेला असेल तर पीडितालाही ते कलम २३० प्रमाणे कोर्टातून मिळतं, बाकीच्यांनी कोर्टाकडे नकलेसाठी अर्ज करायचा. केस कुठल्या कोर्टात गेली हे ई-कोर्ट्सच्या साइटवर पोलीस स्टेशन, एफआयआर नंबर आणि वर्ष टाकून शोधता येतं.

आता माहिती अधिकाराचा अर्ज

वरच्यातून काम झालं नाही तर हा. कायदा २००५ चा, १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्ण लागू, आणि महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की आपल्याकडे त्याच्याही आधी राज्याचा स्वतःचा कायदा होता, अण्णा हजारेंच्या आंदोलनातून आलेला.

आधी कोणाला लिहायचं ते बघा. "जन माहिती अधिकारी" कोण आणि "प्रथम अपिलीय अधिकारी" कोण याचा बोर्ड ऑफिसात लावलेला असतो. कुठे स्टेशनचे प्रभारी निरीक्षकच जन माहिती अधिकारी असतात, कुठे वरचे एसीपी (सहायक पोलीस आयुक्त), प्रत्येक ठिकाणी वेगळं, म्हणून मोबाईलवर त्या बोर्डाचा फोटो काढून आणा. बोर्ड नसेल तर फक्त पद लिहा, "जन माहिती अधिकारी, अमुक पोलीस स्टेशन". चुकीच्या ऑफिसला गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, तुम्हाला परत पाठवायचा नाही.

अर्ज जोडपत्र अ च्या नमुन्यात. वर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचं, तहसील किंवा कोर्टाबाहेर स्टॅम्प वेंडरकडे मिळतं. दारिद्र्यरेषेखालील कार्डाची प्रत जोडली तर फी नाही. राज्याच्या आरटीआय ऑनलाइन साइटवरूनही करता येतो, पण पोलीस स्टेशनच्या कामासाठी मला कागदच बरा वाटतो, हातात शिक्का पडलेली प्रत येते.

एक नियम बाहेरच्या राज्यातून आलेल्यांना माहीत नसतो. महाराष्ट्रात २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. त्यामुळे पोटतिडकीने चार पानं लिहू नका, ती तशीच परत येतील. माझा जो अर्ज चालला त्यातला मजकूर साधारण असा होता:

"माहितीचा विषय: स्टेशन डायरीतील नोंदी. कालावधी: (तारीख) रोजी रात्री ९.०० ते १२.००. आवश्यक माहितीचे वर्णन: वरील वेळेत स्टेशन डायरीत घेतलेल्या सर्व नोंदींच्या साक्षांकित प्रती. नोंदीत त्रयस्थ व्यक्तींची नावे असल्यास कलम १० प्रमाणे तेवढा भाग झाकून उर्वरित प्रत द्यावी. माहिती व्यक्तिशः घेईन."

संपलं. रागाचा एक शब्द नाही, अपघाताची हकीकत नाही, कारणही नाही, कारण कलम ६(२) प्रमाणे कारण द्यायची गरजच नसते. आणि ते कलम १० चं वाक्य नक्की घाला, त्याने "दुसऱ्यांची खाजगी माहिती आहे" हे उत्तर आधीच अडवलं जातं.

पोलिसांकडे काय काय मागता येतं? एखाद्या तारखेची डायरी, आवक-जावक रजिस्टरचं पान (तुमचा तक्रार अर्ज कोणाकडे गेला ते त्यात दिसतं), तुमच्या तक्रार अर्जावरचे शेरे आणि चौकशी अहवाल, बंद झालेल्या तपासाचे कागद, ठराविक काळात किती एनसी आणि किती गुन्हे नोंदले याचे तयार तक्ते, बंदोबस्ताचा खर्च. प्रती नको असतील तर रेकॉर्ड बघायला मागा, पहिल्या तासाला फी नाही, आणि खरं सांगतो, फाईल समोर ठेवून पानं उलटली की कुठल्या कागदाची प्रत मागायची ते आपोआप कळतं.

मग ३० दिवस वाट बघा. जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, तसं अर्जाच्या वरच ठळक लिहा. मध्ये पत्र येईल, इतकी पानं, पानामागे दोन रुपये भरा. मामांच्या वेळी अकरा पानं होती, बावीस रुपये. ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरत नाहीत, म्हणून पत्र आलं की दुसऱ्या दिवशी भरून टाका. ३० दिवस उलटून गेले तर मात्र माहिती फुकट द्यावी लागते, कलम ७(६).

नकार आला तर

पोलिसांकडून सगळ्यात जास्त येणारं उत्तर म्हणजे "तपास चालू आहे, कलम ८(१)(ज)". इथे एक गंमत नाही पण गोंधळ आहे, इंग्रजी कायद्यातलं एच ते मराठीत ज, आणि इंग्रजीतलं जे ते मराठीत ञ. ज म्हणजे तपासात अडथळा, ञ म्हणजे वैयक्तिक माहिती. पत्रात नुसतं "ज" असेल आणि कारण वैयक्तिक माहितीचं दिलं असेल तर आधी ते स्पष्ट करून घ्या.

ज चं उत्तर असं. कायदा म्हणतो तपासाला अडथळा "येईल" अशी माहिती. तपास चालू आहे एवढंच कारण पुरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २००७ ला भगत सिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या केसमध्ये हे स्पष्ट केलंय, की माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येणार हे अधिकाऱ्याने दाखवायला हवं. अपिलात हे नाव आणि तारीख लिहा. आणि कलम १९(५) ही लिहा, नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी नाकारणाऱ्यावर असते, तुमच्यावर नाही.

ञ आता जास्त कडक झालंय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते कलम बदललं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागू झाला. आधी त्या कलमातच जनहिताचा अपवाद होता, तो गेला. मला हा बदल अजिबात पटलेला नाही, अधिकाऱ्याच्या चौकशीचा अहवालसुद्धा आता वैयक्तिक म्हणून दाबता येईल. पण कलम ८(२) अजून शाबूत आहे, त्यात जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, म्हणून अर्जात नाही तरी अपिलात त्याचा आधार घ्याच.

गुप्तवार्तेसारख्या काही शाखा सरकारने कलम २४ खाली कायद्यातून वगळल्यात. त्यांच्याकडूनही भ्रष्टाचाराची किंवा मानवी हक्कांच्या उल्लंघनाची माहिती मागता येते. साधं पोलीस स्टेशन मात्र वगळलेलं नाही, कोणी तोंडी तसं सांगितलं तर म्हणा, लेखी द्या.

पहिलं अपील नकाराचं पत्र मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत, जोडपत्र ब, वीस रुपयांचं स्टॅम्प. सुनावणीला बोलावतील, जा. मी गेलो तेव्हा समोर वर्दीतले मोठे साहेब, शेजारी स्टेशनचे अधिकारी, आणि मी एकटा एक प्लास्टिकची फाईल धरून. घसा कोरडा पडला होता. पण त्यांनी खुर्ची दिली, पाच मिनिटं ऐकून घेतलं. अपिलाचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. त्यानेही झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, परत वीस रुपये, तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे. आयोग जन माहिती अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० पर्यंत दंड करू शकतो. तिथे मात्र नंबर लागायला फार वेळ जातो, मनाची तयारी ठेवा.

सीसीटीव्ही: इथे घाई करा

२ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, प्रत्येक पोलीस स्टेशनात आत येण्याजाण्याच्या दारापासून लॉकअप, व्हरांडा, निरीक्षकांच्या खोलीपर्यंत कॅमेरे पाहिजेत, आवाजासकट, रात्री दिसेल असे, आणि रेकॉर्डिंग १८ महिने, निदान एक वर्ष तरी जपलं पाहिजे. प्रत्यक्षात काय होतं ते मी बघितलंय. मामांच्या प्रकरणात आम्ही त्या रात्री स्टेशनात होतो हे दाखवायला मी फुटेज मागितलं, पण मागितलं चार महिन्यांनी, डायरी हातात आल्यावर. उत्तर आलं, साठवण क्षमता संपल्याने जुन्यावर नवीन रेकॉर्डिंग झालं आहे.

म्हणून तुमच्यासोबत स्टेशनात काही वाईट घडलं असेल, मारहाण, शिवीगाळ, तक्रार न घेता हाकलणं, तर त्याच आठवड्यात दोन कागद टाका. एक साधा अर्ज प्रभारी अधिकाऱ्यांना, प्रत पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना, की अमुक तारीख, अमुक वेळ, अमुक जागेचं फुटेज जपून ठेवावं, नष्ट होऊ देऊ नये. दुसरा माहिती अधिकाराचा, त्याच फुटेजसाठी. वेळ नेमकी लिहा, "सायंकाळी" नको, "६.१० ते ६.५५" लिहा. खोली किंवा जागा लिहा. बाहेर पडल्यावर लगेच कुठे चहा घेतला असेल, यूपीआयने पैसे दिले असतील, तर ती वेळही कामाला येते.

मोबाईलवर रेकॉर्डिंग करावं का असं लोक विचारतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलंय की पोलीस स्टेशन हे ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्टमधलं "प्रतिबंधित ठिकाण" नाही, त्यामुळे तिथे व्हिडिओ काढला म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. हे माहीत असू द्या, पण वाद वाढतोय असं दिसलं तर फोन खिशात ठेवा आणि बाहेर येऊन सगळं वेळेसकट लिहून काढा.

तक्रारच घेत नसतील

तीच तक्रार लेखी, रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४). तरी नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, इथे वकील हवा. पोलिसांनीच गंभीर अन्याय केला असेल, कोठडीतली मारहाण वगैरे, तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, २००६ च्या प्रकाश सिंग निकालामुळे आलेलं, त्याचा अर्ज वेगळा, आणि राज्य मानवी हक्क आयोगही आहे.

अपघाताचं असेल तर अजून एक. १ एप्रिल २०२२ पासून नियम आहे की पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा ट्रिब्युनलला (अपघाताच्या भरपाईचे दावे चालतात त्या न्यायाधिकरणाला) द्यायचा, जखमी माणसालाही पहिल्या अहवालाची प्रत मिळते. आम्हाला हे माहीतच नव्हतं. तुम्ही "फर्स्ट ॲक्सिडेंट रिपोर्ट" या नावाने मागा.

भीतीबद्दल

वाटते. वाटणारच. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी जमिनीचे घोटाळे माहिती अधिकाराने बाहेर काढत होते, १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांचा खून झाला. म्हणून मी कोणाला "घाबरू नका" असं सांगत नाही. स्वतःच्या एफआयआरची प्रत मागणं आणि वाळूवाल्यांच्या हप्त्याचं रेकॉर्ड मागणं यातली जोखीम वेगळी असते. दुसऱ्या प्रकारचं काम असेल तर एकट्याच्या नावाने करू नका, दोघातिघांनी एकाच विषयाचे वेगवेगळे अर्ज टाका, घरच्यांना सांगून ठेवा, सगळ्या कागदांच्या स्कॅन प्रती दुसऱ्या गावातल्या कोणाकडे तरी ठेवा. पत्ता द्यायचा नसेल तर पोस्ट बॉक्स नंबर घेता येतो.

आणि टेबलामागच्या माणसाशी नीट बोला. बारा-बारा तासांची ड्युटी करून बसलेला असतो तो. मामांची ती चार ओळींची नोंद अशाच एका ठाणे अंमलदारांनी लिहिली होती, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी रीतसर काम केलं म्हणून आज दाव्यात ती आमच्या बाजूने उभी आहे. प्रती घ्यायला गेलो तेव्हा मी त्यांना दाखवली. चष्मा लावून वाचली, म्हणाले "अक्षर माझंच आहे", आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

फुटेजचं माझं दुसरं अपील अजून आयोगात आहे. सुनावणीची नोटीस आली की तारीख इथेच लिहीन, त्या खंडपीठाकडे कोणाचं पोलीस स्टेशनच्या सीसीटीव्हीचं प्रकरण असेल तर मला कळवा, कागद एकत्र लावून जाऊ.